पोरगी हॉकी खेळते, अमेरिकेतल्या कॉलेजच्या टीममध्ये जायचं म्हणते, नेमका रस्ता कसा असतो?

उद्यमनगरचा_बाबा

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे माझं. हॉकीतलं मला स्वतःला फारसं कळत नाही, आमच्या पेठेत सगळी फुटबॉलची हवा, मी तेच बघत मोठा झालो. पण थोरली लेक पाचवीपासून हॉकी खेळते. आता नववी संपत आली, मिडफिल्डला असते, गेल्या वर्षी शाळेकडनं १७ वर्षांखालच्या गटात विभागापर्यंत गेलेली, यंदा राज्याला खेळून आली. सकाळी साडेपाचला मीच सोडतो, आठवड्यातनं दोन दिवस ध्यानचंद स्टेडियमच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, आणि बाकीचे दिवस शाळेच्या मुरमाच्या ग्राउंडवर.

तर झालंय असं की तिनं मोबाईलवर अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरींच्या मॅच बघितल्या आणि डोक्यात घेतलंय की तिकडंच शिकायचं आणि तिकडंच खेळायचं. मी म्हटलं होईल चार दिवसांत शांत. पण परवा तिच्या इंग्रजीच्या वहीचं मागचं पान बघितलं तर कॉलेजांची नावं लिहून काढलेली, एकेकापुढं कोचचा मेल आयडी, आणि ११ जणांना मेल पण पाठवलेत तिनं, कुणाला न विचारता, डिक्शनरी घेऊन बसून. एकाचंही उत्तर नाही. रोज शाळेतनं आली की पहिला मोबाईल मागते, मेल बघते आणि गप जेवायला बसते. ते बघवत नाही मला.

म्हणून विचारतोय. हा रस्ता खरंच असतो का, आपल्यासारख्या घरातल्या पोरीला जमण्यासारखा आहे का, आणि असेल तर आत्तापासून काय करायला लागतं? पैशाचं पण स्पष्ट सांगा, मला आत्ताच माहीत असलेलं बरं. धाकटा पोरगा पण सातवीत आहे, तो पण स्टिक घेऊन फिरतो, त्याचं पण जमलं तर सांगा.

बावड्याची_फुलबॅक

दादा, आधी एक काम करा, आज संध्याकाळी लेकीला जवळ बसवा आणि सांगा की उत्तर आलं नाही यात तिची काहीही चूक नाही. तिकडं कॉलेजचा खेळ एनसीएए नावाची संघटना चालवते, त्यात डिव्हिजन १, २, ३ असे तीन थर आहेत, आणि १ आणि २ च्या कोचला नियमानंच मनाई आहे की पोरगी दहावी पूर्ण करून त्या वर्षीचा १५ जून उलटल्याशिवाय तिला भरतीबद्दल मेल करायचा नाही, फोन करायचा नाही. कोचनं मेल वाचला असेल, व्हिडिओ बघितला असेल, नाव टिपून ठेवलं असेल, तरी तो उत्तर देऊ शकत नाही. फार तर कॉलेजचा एक छापील प्रश्नावलीचा फॉर्म येतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मी पण दहावीत असताना असंच रोज मेल उघडून रडलेय म्हणून एवढ्या पोटतिडकीनं लिहितेय.

मी मूळची कसबा बावड्याची, पेन्सिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात डिव्हिजन ३ ला चार वर्षं डिफेन्सला खेळले, आता इकडंच नोकरी करते. रस्ता आहे. मुलींसाठी खराखुरा रस्ता आहे. अरुंद आहे पण आहे.

डिव्हिजन ३ च्या कोचला ती १५ जूनची अट नाही, ते कधीही उत्तर देऊ शकतात. तेव्हा तिच्या वहीतल्या ११ नावांपुढं कुठलं कॉलेज कुठल्या डिव्हिजनचं आहे ते लिहून काढायला लावा, आणि पुढचे मेल डिव्हिजन ३ वाल्यांना जाऊ देत. प्रत्येक टीमच्या साईटवर खेळाडूंसाठी एक फॉर्म असतो, त्यात नाव, जन्मतारीख, पोझिशन, मार्क, व्हिडिओची लिंक टाकायची असते, तो कुठल्याही वयात भरता येतो आणि फुकट असतो. आधी तो भरायचा, मग मेल.

मेलमध्ये "आय लव्ह हॉकी सिन्स चाइल्डहुड" असलं काही नको. कोचला पाच ओळींत कळलं पाहिजे की बारावी कुठल्या साली होणार, कुठली पोझिशन, उजवीकडनं खेळते की मधनं, कुठपर्यंत खेळली, मार्क किती, व्हिडिओ कुठं आहे. बारावीचं साल तर विषयाच्या ओळीतच टाका, कारण ते वर्षाच्या हिशोबानं पोरी निवडतात, त्या सालच्या टीमला मिडफिल्डर किती कमी पडणार हे त्यांच्याकडं आधीच मांडलेलं असतं.

आणि व्हिडिओ. दादा, सगळं इथंच अडतं. तुमच्या लेकीचा राज्याचा व्हिडिओ कुणी काढलाय का? कसा काढलाय?

उद्यमनगरचा_बाबा

ताई, तुमचा मेसेज तिला वाचून दाखवला. काही बोलली नाही, पण जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या. लई उपकार झाले तुमचे.

व्हिडिओ मीच काढलाय मोबाईलवर, गोलपोस्टच्या मागं उभारून. उभा मोबाईल धरून. बॉल दिसत नाही त्यात, पोरींचा आरडाओरडाच ऐकू येतो.

बावड्याची_फुलबॅक

तो चालणार नाही. मोबाईल आडवा, मैदानाच्या मध्यरेषेच्या सरळ समोर, आणि जमेल तेवढ्या उंचावरनं. पायऱ्यांवरनं, गॅलरीतनं, नाहीतर टेम्पोच्या टपावर उभारून काढा पण उंचावरनं काढा. खालनं काढलं की सगळ्या पोरी एकमेकींच्या मागं लपतात आणि तुमची लेक मोकळ्या जागेत कधी आणि कशी पळाली हेच दिसत नाही, आणि मिडफिल्डरचं कोच पहिलं तेच बघतो, बॉल नसताना ती काय करते. झूम करू नका. बॉलच्या मागं मोबाईल फिरवताना सावकाश फिरवा.

मग त्यातनं तीन ते पाच मिनिटांची क्लिप करायची, प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला तिच्याभोवती गोल किंवा बाण, संगीत बिंगीत काही नको. सगळ्यात चांगले तुकडे पहिल्या अर्ध्या मिनिटात. आणि सोबत एक अख्खी मॅच, न कापलेली. क्लिप आवडली की कोच अख्खी मॅच मागतोच, कारण चुकल्यावर ती काय करते, बॉल गेल्यावर मागं धावते की कमरेवर हात ठेवून उभी राहते, हे क्लिपमध्ये कळत नाही.

अजून एक, आणि हे मी स्वतः भोगलेलं आहे. शक्य तेवढं टर्फवरचं शूटिंग घ्या. मुरमावर बॉल उड्या मारतो, म्हणून आपल्याला स्टिक जरा उभी धरून, शरीर मागं ठेवून बॉल अडवायची सवय लागते. पाणी मारलेल्या टर्फवर बॉल जमिनीला चिकटून सुसाट येतो, तिथं गुडघे वाकवून, स्टिक जवळजवळ आडवी टेकवूनच घ्यावा लागतो. मी इकडं आले तेव्हा पहिले तीन आठवडे साधा पास माझ्या स्टिकखालनं निघून जायचा आणि बाजूच्या पोरी बघत राहायच्या. तिला आठवड्यातनं दोनच्या ऐवजी तीन दिवस टर्फ मिळतो का बघा. त्या एका जास्तीच्या दिवशी दुसरं काही नको, निव्वळ बॉल घेणं आणि पहिल्या टचला दिशा बदलणं. उजवीकडं, डावीकडं, पुन्हा उजवीकडं. शंभर वेळा.

क्रीडाशिक्षक_गडहिंग्लज

ताईंनी खेळाचं छान सांगितलंय. मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे, मला अभ्यासाच्या बाजूनं एक महत्त्वाचं सांगायचंय कारण या पालकांना निर्णय पुढच्या वर्षीच घ्यायचाय.

आपल्याकडं काय होतं, पोरगी खेळात चांगली असली की दहावीनंतर आर्ट्सला टाकतात, प्रॅक्टिसला वेळ मिळतो म्हणून, आणि गणित सोडून देतात. भारतातच खेळायचं असेल तर त्यानं काही बिघडत नाही. पण एनसीएएच्या डिव्हिजन १ ला नववी ते बारावी या चार वर्षांतले १६ मूळ विषय मोजले जातात, एक विषय एक वर्ष म्हणजे एक. त्यात गणिताची ३ वर्षं लागतात, विज्ञानाची २, समाजशास्त्राची २, बाकीचं भाषा वगैरे. नववी दहावीचं गणित धरलं तर दोन होतात, तिसरं अकरावीत घेतलं नाही तर तिथंच खड्डा पडतो, आणि हे लक्षात येतं बारावीच्या शेवटी जेव्हा काहीच हातात राहिलेलं नसतं. तेव्हा सायन्सच घ्या असं मी म्हणत नाही, कॉमर्सला गणित घेता येतं, आर्ट्सला पण घेता येतं, पण गणित सोडू नका.

दुसरं, नववीचं प्रगतीपुस्तक फाईलला लावून ठेवा. आपण बोर्डाच्या दोन मार्कशीट जपतो आणि नववी अकरावीचे कागद रद्दीत घालतो. तिकडं चारही वर्षांचे मार्क बघतात, डिव्हिजन १ ला त्या मूळ विषयांत किमान २.३ जीपीए, म्हणजे ४ पैकी सरासरी गुण, लागतो, आपल्या मार्कांचं रूपांतर तेच करून घेतात. मराठी कागद असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. शाळेकडनं आत्ताच शिक्क्यानिशी प्रती घेऊन ठेवा, क्लार्क बदलले की जुनं रजिस्टर शोधायला लई त्रास होतो, हा अनुभव आहे.

आणि बारावीनंतर गॅप घ्यायचा विचार असेल तर जपून. हॉकीला तिकडं साधारण एक वर्षाची सूट आहे, त्याच्या पुढं तुम्ही स्पर्धा खेळत राहिलात तर खेळायच्या वर्षांतनं वर्षं कापली जातात. क्लबकडनं पैसे घेऊन करार करायच्या आधी पण विचारून घ्या, तिथं हौशी खेळाडू असल्याचं प्रमाणपत्र लागतं.

एवढं सांगून माझं म्हणणं असं की इथला रस्ता सोडून देऊन तिकडचा धरू नका. दोन्ही एकाच दिशेला जातात. फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके, वाखरीची अक्षता ढेकळे, दोघी शेतकरी घरातल्या, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतनं भारताच्या टीमपर्यंत गेल्या. वैष्णवी तर हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ जिंकलेल्या टीममध्ये होती. तुमच्या लेकीचं राज्य झालंय, तर प्रबोधिनीच्या निवड चाचणीची जाहिरात जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात कधी लागते त्यावर डोळा ठेवा. खेलो इंडियाच्या निवडीत आली तर वर्षाला ६ लाख २८ हजारांपर्यंतचा खर्च सरकार उचलतं, त्यातले महिन्याला १० हजार खिशाखर्चाला. हॉकी महाराष्ट्रच्या सब ज्युनिअर, ज्युनिअर निवडीला पाठवा. अमेरिकेतला कोच पण हेच विचारतो की राज्याकडनं खेळलीस का, राष्ट्रीय शिबिराला होतीस का. आणि समजा तिकडं नाही जमलं तरी शिवाजी विद्यापीठाकडनं आंतरविद्यापीठ, तिथनं खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स, रेल्वेची नोकरी, हा धागा तुटत नाही.

उद्यमनगरचा_बाबा

सर, बरं झालं सांगितलं. खरं सांगतो, आम्ही आर्ट्सच ठरवलेलं. तिला गणितात ६२ पडलेत सहामाहीला, नावडतं आहे असं नाही पण वेळ मिळत नाही म्हणते. आता शिकवणीचं बघतो.

ताई, पैशाचं सांगा की. माझं सगळं धरून वर्षाला ८ लाखाच्या आत आहे, वर्कशॉपवर कर्ज आहे. फुल स्कॉलरशिप म्हणतात ती खरी असते का?

बावड्याची_फुलबॅक

असते, पण फार थोड्यांना. दादा मी गोड बोलून फसवणार नाही.

तिकडच्या खाजगी कॉलेजात फी, राहणं, जेवण, विमा सगळं धरून वर्षाला ८० ते ९० हजार डॉलरपर्यंत आकडा जातो. डिव्हिजन १ ला आधी एका टीमला १२ पूर्ण स्कॉलरशिपइतकेच पैसे देता यायचे आणि कोच ते वीस बावीस पोरींत वाटायचा, कुणाला अर्धे, कुणाला पाव, कुणाला पुस्तकांपुरते. २०२५-२६ पासून ज्या कॉलेजांनी नवी व्यवस्था घेतलीय तिथं ती १२ ची मर्यादा गेली आणि त्याऐवजी टीममध्ये २७ च पोरी ठेवायच्या असं आलं. म्हणजे पैसे जास्त देता येतात, पण द्यायलाच पाहिजेत असं नाही, आणि जागा मोजक्या झाल्या. त्यात डच, जर्मन, इंग्लिश, अर्जेंटिनाच्या पोरी त्याच जागांसाठी रांगेत. तिथं पूर्ण पैसे मिळवायचे तर लेक भारताच्या ज्युनिअर शिबिराच्या आसपास तरी असली पाहिजे, असं माझं मत.

आता दुसरा दरवाजा. डिव्हिजन ३ ला खेळासाठी एक डॉलरसुद्धा देत नाहीत, नियमच आहे. हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल वगैरे आठ कॉलेजांची जी आयव्ही लीग, ती खेळते डिव्हिजन १ ला पण खेळाची स्कॉलरशिप देत नाही. हे ऐकून लोक तिथंच पान उलटतात. पण यातली काही कॉलेजं घरच्या परिस्थितीवर मदत देतात, आणि ती मदत कधी कधी खेळाच्या स्कॉलरशिपपेक्षा मोठी असते. ॲमहर्स्ट आणि बोडोइन ही दोन डिव्हिजन ३ ची कॉलेजं घ्या, दोन्हीकडं मुलींची हॉकी आहे, आणि दोन्हीकडं परदेशी मुलांचा अर्ज बघताना पैसे भरू शकणार का हे विचारातच घेत नाहीत, आणि घेतलं की जेवढं कमी पडतं तेवढं कॉलेज भरतं. तुमचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असणं ही तिथं अडचण नाही.

अडचण आहे ती प्रवेशाची. अभ्यासाला ती कॉलेजं अतिशय कडक आहेत. कोच प्रवेश कार्यालयाला सांगू शकतो की ही मला हवीय, त्याचा फायदा होतो, पण मार्कच नसतील तर कोचच्या शब्दाला काही वजन नाही. म्हणून मी सरांच्या वाक्याखाली दोनदा रेघ मारते. तुमच्या घराच्या हिशोबानं तिच्या स्टिकपेक्षा तिची मार्कशीट जास्त पैसे आणेल. माझं स्वतःचं तसंच झालं, मी काय भारी डिफेंडर नव्हते, दहावीला ९३ होते आणि इंग्रजी लिहिता यायचं, त्याच्यावर मला मिळालं. गणितातल्या ६२ चे ८५ करायला एक वर्ष आहे तिच्याकडं.

कागदाचं म्हणाल तर मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल म्हणून अर्ज असतो, त्यात तुमचा आयटीआर, वर्कशॉपचा हिशोब, कर्ज सगळं मांडावं लागतं, तेव्हा सीएला आत्तापासून सांगून ठेवा की तीन वर्षांचं नीट पाहिजे. इंग्रजीची परीक्षा लागते, टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो. एसएटी या प्रवेश परीक्षेची अट एनसीएएनं २०२३ ला काढून टाकली पण काही कॉलेजांनी स्वतःची परत सुरू केलीय, तेव्हा कॉलेजप्रमाणं बघायचं. अर्ज बारावीच्या वर्षात ऑगस्टला सुरू होतात आणि जानेवारीपर्यंत संपतात, म्हणजे ऐन बोर्डाच्या वर्षात हे सगळं डोक्यावर असतं. टीमची प्रॅक्टिस ऑगस्टमध्येच चालू होते आणि सीझन नोव्हेंबरपर्यंत असतो.

खेळ कसा असतो ते पण सांगते, लेकीला आवडेल. १५ मिनिटांचे चार क्वार्टर, आणि मॅच बरोबरीत राहिली की जादा वेळेत दोन्हीकडनं सात सातच जणी उतरवतात, पहिला गोल झाला की मॅच संपली. अख्ख्या मैदानात सात पोरी, दादा. फुप्फुस फाटतं. मिडफिल्डर तिथं सगळ्यात जास्त पळते.

रंकाळा_ड्रॅगफ्लिक

मी अकरावीत आहे, मुलगा. पेनल्टी कॉर्नरला ड्रॅगफ्लिक मारतो, विभागाला ४ गोल आहेत माझे. मी वाचलं की २०२५ पासून अमेरिकेतल्या कॉलेजांनी ज्युनिअर लीग खेळलेल्या पोरांना पण घ्यायला सुरुवात केलीय, टीममध्ये २६ जण असतात आणि वीस एकवीस वर्षांची पोरं पण पहिल्या वर्षाला घेतात. मग मला पण चान्स आहे ना? कुणाला मेल करू?

बुधवारची_मॅच

भावा, थांब. ते तू वाचलंस ते बर्फावरच्या हॉकीचं आहे. अमेरिकेत नुसतं "कॉलेज हॉकी" म्हटलं की बर्फावरची, आपली ती त्यांच्याकडं "फील्ड हॉकी". कॅनडातल्या मोठ्या ज्युनिअर लीगमध्ये खेळलेल्या पोरांना आधी एनसीएएत बंदी होती, कारण तिथं पोरांना भत्ता मिळतो आणि काही जण प्रोशी करार केलेले असतात. तो नियम नोव्हेंबर २०२४ ला बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाला. तुझा त्याच्याशी काही संबंध नाही.

आणि हे सांगायला मला पण बरं वाटत नाही, पण आपल्या हॉकीची मुलांची टीम एनसीएएत नाहीच. एकाही डिव्हिजनला नाही. काही विद्यापीठांत मुलं क्लब म्हणून हौसेनं खेळतात, पण त्यासाठी भरती नाही आणि पैसे नाहीत. तुझ्यातल्या कमीमुळं नाही हे, तिकडं तो खेळ पहिल्यापासून मुलींचाच म्हणून वाढलाय. उद्यमनगरच्या दादांच्या धाकट्याला पण हेच उत्तर आहे.

मुलांनी बाहेर बघायचंच असेल तर इंग्लंड बघावं. मी तिथं मास्टर्स केलं आणि विद्यापीठाच्या चौथ्या टीमकडनं खेळलो. तिथं बीयूसीएस नावाची विद्यापीठांची लीग आहे, दर बुधवारी दुपारी मॅच, अख्खं विद्यापीठ बुधवारी दुपारी वर्ग ठेवत नाही. लफबरा, डरहॅम, एक्सेटर, नॉटिंगहॅम इथली हॉकी खूप वरच्या दर्जाची आहे, पहिल्या टीममधली काही पोरं देशाकडनं खेळलेली असतात. पण खेळाची स्कॉलरशिप तिथं थोडी असते, फीचा एखादा हिस्सा सुटतो, बाकी सगळं घरचं. त्यामुळं बारावीनंतर लगेच जाण्यापेक्षा इथं डिग्री कर, आंतरविद्यापीठ खेळ, आणि मास्टर्सला जा असं मी सांगेन. पंजाबातली विद्यापीठं ड्रॅगफ्लिकर शोधतच असतात, तिकडची आणि दिल्ली विद्यापीठाची स्पोर्ट्स कोट्याची ट्रायल दे. ४ गोल आहेत ना विभागाला, त्याचा व्हिडिओ आहे का? वर ताईंनी सांगितलंय तसा काढ, उंचावरनं.

रंकाळा_ड्रॅगफ्लिक

वाईट वाटलं पण कळलं. थँक्यू दादा. पतियाळाची ट्रायल कधी असते ते शोधतो.

शाहूपुरीतली_आई

मी उशिरा वाचलं पण उद्यमनगरच्या भाऊंना एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. एजंटकडं जाऊ नका. माझ्या मुलीच्या वेळी आम्ही एका एजन्सीला १ लाख ४० हजार दिले, नाव घेत नाही. ऑफिस चकाचक, भिंतीवर झेंडे, "आमची कोचशी थेट ओळख आहे, जागा पक्की" म्हणाले. सहा महिन्यांनी मुलीनं कसाबसा तिच्या नावानं गेलेला मेल मागून बघितला तर दीडशे कॉलेजांना एकच मजकूर गेलेला, आणि त्यात तिची पोझिशन फॉरवर्ड लिहिलेली. ती गोलकीपर आहे हो! जी मुलगी रोज सकाळी चार किलोची पॅडं बांधून उभी राहते तिला फॉरवर्ड करून टाकलं. एका कोचनं सभ्यपणे उत्तर दिलं होतं की व्हिडिओत तर गोलकीपर दिसतेय, ते उत्तर त्यांनी आम्हाला दाखवलं पण नाही. पैसे परत मिळाले नाहीत. मुलीनं त्यानंतर स्टिकला सहा महिने हात लावला नाही, पैशापेक्षा मला ते जास्त लागलं.

कोचला पोरीचा मेल पाहिजे असतो, पोरीनं स्वतः लिहिलेला. भाऊ तुमची लेक डिक्शनरी घेऊन लिहिते ना, तोच मेल चांगला आहे. व्याकरण चुकलं तरी चालेल.

बावड्याची_फुलबॅक

ताई, वाचून जीव कळवळला. तुमच्या मुलीला माझ्याकडनं सांगा की गोलकीपर कायम कमी पडतात, प्रत्येक टीमला.

आणि हो, जागा पक्की हे शब्द एजंटच्या तोंडी आले की उठून यायचं. जागा कोच देतो, प्रवेश कॉलेज देतं, खेळायची परवानगी एनसीएएचं पात्रता केंद्र देतं, व्हिसा वकिलात देते. यातलं काहीही पैसे घेणाऱ्या माणसाच्या हातात नाही. पात्रता केंद्राच्या साईटवर साधं खातं फुकट उघडता येतं, ते नववीतच उघडा. पूर्ण खात्याला परदेशी मुलांना १६० डॉलरच्या आसपास लागतात, ते एखादा कोच खरंच मागं लागला की मगच भरा. नियम दरवर्षी थोडे हलतात म्हणून तिथंच बघत जा, माझ्या किंवा कुणाच्याही जुन्या पोस्टवर विसंबू नका.

उद्यमनगरचा_बाबा

सगळ्यांचं वाचलं, तीन तीनदा वाचलं, लेकीनं तर वहीत उतरवून घेतलंय. ११ पैकी ७ डिव्हिजन १ ची निघाली, २ डिव्हिजन २, आणि २ डिव्हिजन ३. त्या दोघांना काल तिनं परत मेल केला, बारावीचं साल विषयात टाकून. धाकट्याला मी अजून काही सांगितलेलं नाही, सातवीतच आहे, खेळू दे.

गणिताला शेजारच्या गल्लीत एक सर आहेत ते संध्याकाळी ७ ला घेतो म्हणालेत, सकाळची प्रॅक्टिस सोडायची नाही असं ठरलंय. आर्ट्सच घेतलं तरी गणित राहणार, हे तिच्या आईला पण पटलं.

आता रविवारी टर्फवर मॅच आहे, दोन क्लबच्या पोरींची. व्हिडिओ तिथं काढायचाय. स्टँड नाही माझ्याकडं, हातानं धरला तर तासभर हात थरथरणार.

क्रीडाशिक्षक_गडहिंग्लज

ट्रायपॉड माझ्याकडं शाळेचा आहे, उंच होतो चांगला. रविवारी मी तसाही कोल्हापुरात आहे. सकाळी ७ ला पाणी मारून झालं की मॅच सुरू करतील, मी पावणेसातला गेटवर येतो. पॉवर बँक तेवढी आणा आणि मोबाईलची जागा रिकामी करून ठेवा, अख्खी मॅच मावली पाहिजे.

उद्यमनगरचा_बाबा

सर काय बोलू, या मग, नाश्ता आमच्याकडंच. लेक मागं उभी आहे, विचारते की लाल जर्सी घालू का पांढरी, दोन्ही आहेत.

बावड्याची_फुलबॅक

लाल. सकाळच्या उन्हात पांढरी कॅमेऱ्यात नुसती चमकते, पाठीवरचा नंबर वाचता येत नाही. केस बांधताना वेणी नंबरवर येणार नाही असं बघ, आणि वॉर्मअप पण शूट करायला सांग सरांना, मला तुझा पहिला टच बघायचाय.